सतरा तास चाळीस मिनिटे

सूर्यावर स्फोट दिसला तेव्हा मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते. त्याचा तडाखा पृथ्वीला बसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला. मधल्या सतरा तास चाळीस मिनिटांत सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर कापले गेले आणि साऱ्या जगात कोणालाही त्याची खबर नव्हती. उपकरणांनी नोंदवलेल्या सौरवादळांत सर्वांत तीव्र मानल्या जाणाऱ्या १८५९च्या वादळाचा हा घटनाक्रम.

चार दिवस आधी : २८ ऑगस्ट १८५९

सूर्यबिंबावर डागांचा एक भला मोठा पुंजका आला होता. त्या रात्री अमेरिकेत आणि युरोपात एरवी ध्रुवाजवळ दिसणारा रंगीत प्रकाश बराच दक्षिणेपर्यंत दिसला. तारायंत्रे मध्येच चालत, मध्येच बंद पडत. दोन दिवसांत सारे निवळले आणि लोकांनी विषय सोडून दिला. आजच्या शास्त्रज्ञांना मात्र या पहिल्या वादळाचे महत्त्व वाटते. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या अवकाशात सौरवाऱ्याचा विरळ वायू असतो. पहिल्या वादळाने तो ढकलून वाट मोकळी केली असावी, म्हणूनच दुसरे वादळ इतक्या वेगाने आले, असे मानले जाते.

उरले अठरा तास : गुरुवार, १ सप्टेंबर, रेडहिल, सकाळचे ११

लंडनच्या दक्षिणेला रेडहिल गावात रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या खासगी वेधशाळेत होता. वय ३३. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. आदल्या वर्षी वडील वारले आणि तो व्यापही त्याच्याच गळ्यात पडला. तरी १८५३ पासून घेतलेले काम त्याने सोडले नव्हते. ऊन असेल त्या दिवशी सूर्यावरच्या प्रत्येक डागाची जागा तो टिपून ठेवी. सूर्य विषुववृत्तापाशी भराभर आणि ध्रुवांकडे सावकाश फिरतो, हे पुढे याच नोंदींतून सिद्ध झाले.

दुर्बिणीतून येणारी सूर्याची प्रतिमा तो फिक्या पिवळ्या रंगाचा लेप दिलेल्या काचेवर पाडत असे. अकरा इंची सूर्य समोर हळूहळू सरकत जाई. क्रोनोमीटरचे ठोके ऐकत, एकमेकींना छेदणाऱ्या तारांना डाग कधी शिवतो याची वेळ तो लिही. त्या दिवशी मोठ्या पुंजक्याचे चित्र जवळजवळ पुरे होत आले होते.

उरले १७ तास ४० मिनिटे : सकाळी ११ वाजून १८ मिनिटे

पुंजक्याच्या आत अचानक पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके उमटले. कॅरिंग्टनला आधी वाटले, पडद्याला कुठे भोक पडले आणि बाहेरचे ऊन थेट काचेवर आले. त्याने प्रतिमा हलवून पाहिली. ठिपके सूर्याबरोबर सरकले. म्हणजे ते सूर्यावरचेच होते. त्याने वेळ टिपली आणि साक्षीला कोणी मिळते का ते पाहायला धावत गेला. साठ सेकंदांच्या आत परतला, तर तेज बरेच उतरलेले. ११ वाजून २३ मिनिटांनी शेवटचा अंश दिसेनासा झाला. पाच मिनिटांत ते ठिपके सूर्याच्या पृष्ठावर सुमारे ३५ हजार मैल सरकले होते.

साक्षीदार मिळाला, तो मात्र दुसरीकडेच. लंडनच्या हायगेट भागात रिचर्ड हॉजसननेही स्वतंत्रपणे हेच पाहिले होते. सौरज्वालेची ही माणसाने केलेली पहिली नोंद.

त्याच मिनिटांत लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतल्या चुंबकाने एक छोटासा झटका खाल्ला. तिथे चुंबकाची हालचाल प्रकाशाच्या किरणाने कागदावर आपोआप उमटत असे, म्हणून तो झटका टिकून राहिला. ज्वालेतून निघालेले क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि वातावरणाच्या वरच्या थरात विजेचे प्रवाह वाढवतात, हे त्याचे कारण. पण १८५९ मध्ये क्ष-किरण कोणाला माहीत नव्हते, इलेक्ट्रॉनही नाही.

उरले सोळा-सतरा तास : दुपार

कॅरिंग्टन पुढे तासभर काचेवर नजर लावून बसला. पुन्हा काही दिसले नाही. खरी आपत्ती मात्र आता वाटेला लागली होती. अब्जावधी टन विद्युतभारित वायू आपले चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन सूर्यापासून सुटला होता. हा ढग साध्या दुर्बिणीतून दिसत नाही. सूर्यबिंब झाकून भोवतालची प्रभा पाहावी लागते. असा ढग माणसाला पहिल्यांदा दिसला तो १९७१ मध्ये, ओएसओ-७ या उपग्रहाच्या उपकरणातून. सौरशास्त्रज्ञ त्याला ‘कोरोनल मास इजेक्शन’ म्हणतात आणि बोलताना नुसते ‘सीएमई’.

उरले अकरा तास : मुंबईत रात्रीचे ११

एकूण अंतराला एकूण वेळेने भागले, तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे २,३५० किलोमीटर येतो. या हिशेबाने ढग आता बुधाच्या कक्षेइतक्या अंतरावर होता. एरवी असा ढग पृथ्वीवर यायला दोन ते चार दिवस लागतात.

उरले पाच तास : लंडनमध्ये मध्यरात्र

शुक्राच्या कक्षेइतके अंतर पार. जगभरच्या तारखात्यांत रात्रपाळीचे काम नेहमीसारखे चालू. पृथ्वीच्या पाठीवर त्या काळी मैलोन्‌मैल पसरलेला विजेचा वाहक एकच होता, तारायंत्राची तार.

उरली अकरा मिनिटे

ढग पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर. १८५९ मध्ये इथे काहीच नव्हते. आज याच ठिकाणी, एल-१ बिंदूभोवती, भारताचे ‘आदित्य-एल१’ आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने तयार केली. त्याच यानावर चुंबकमापकही आहे, आणि वादळाच्या अंदाजात त्याचे काम फार मोलाचे.

कारण ढग किती मोठा, किती वेगवान, हे छायाचित्रांवरून आदल्या दिवशीही सांगता येते. त्याच्या पोटातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा मात्र सांगता येत नाही. ती दक्षिणेकडे असली, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असली, तर बरेचसे वादळ बाजूने निघून जाते. हा निकाल ढग एल-१वरच्या यानाला ओलांडतो तेव्हाच कळतो. साधारण वादळात तिथून पृथ्वीपर्यंत अर्धा-पाऊण तास मिळतो. कॅरिंग्टनच्या वादळाचा वेग धरला, तर जेमतेम अकरा मिनिटे.

शून्य : शुक्रवार, २ सप्टेंबर, मुंबईत सकाळी दहाचा सुमार

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये सुरू केली. १८४० च्या दशकात तिथे चुंबकीय वेध घेण्याचे काम लागले. आपले गणिती केरूनाना छत्रे यांनी त्या काळात इथेच साहाय्यक म्हणून काम केले होते. १८५९ मध्ये इथे क्यूसारखी आपोआप नोंद होत नसे. टांगलेल्या चुंबकाची हालचाल निरीक्षक दुर्बिणीतून, मोजपट्टीवरचा आकडा वाचून, वहीत उतरवी. एरवी तासाला एक नोंद. काटा अस्वस्थ दिसला की नोंदी दर काही मिनिटांनी.

त्या सकाळी आडव्या चुंबकीय बलाचा आकडा आधी एकदम वर उडाला. ढग आदळून पृथ्वीचे चुंबकीय कवच दाबले गेल्याची ही खूण. मग आकडा घसरू लागला.

शून्यानंतर दीड तास : कुलाबा, सव्वाअकराच्या आसपास

घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्लांवर गेली, म्हणजे मुंबईच्या आडव्या बलापैकी जवळजवळ चार टक्के. पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचे कडे जोर धरते तेव्हा विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात हे बल उतरते, आणि कुलाबा नेमके अशा जागी होते. तासाची सरासरी काढली तरी घट आठशेच्या पुढे जाते. तुलनेला १९८९ च्या वादळाचा आकडा ५८९ आहे. कुलाब्याच्या घसरणीत कणांच्या कड्याचा वाटा किती आणि इतर प्रवाहांचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. नोंद खरी आहे, यावर नाही.

मुंबईत तेव्हा दिवस होता. शहरात कोणाला काही दिसले नाही. जे घडले ते एका वहीत आकड्यांच्या रूपाने उतरले.

शून्यानंतर तीन तास : अमेरिकेत रात्र

क्यूबा, हवाईपर्यंत आकाश लाल झाले. उत्तर अमेरिकेत त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येत होते. रॉकी पर्वतातले खाणकामगार मध्यरात्र उलटल्यावर उठले आणि उजाडले असे समजून न्याहारीच्या तयारीला लागले.

शून्यानंतर साडेआठ तास : बॉस्टन, सकाळी साडेआठनंतर

हलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने जमिनीत आणि लांब तारांत प्रवाह निर्माण केले. काही ठिकाणी यंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तारमास्तरांना झटके बसले. बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी शेवटी आपापल्या बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या तारेत आपोआप आलेल्या विजेवर दोन तासांच्या आसपास काम केले. बॅटरी लावून जमत नव्हते ते असे जमले. लोकांना मौज वाटली. तारा सोडून दुसरे काही बिघडण्याजोगे नव्हतेच.

पुढे

काही दिवसांनी कॅरिंग्टन क्यूला गेला. ११:१८चा झटका आणि दुसऱ्या पहाटेचे वादळ, दोन्ही त्याने कागदावर पाहिले. सूर्यावरच्या घटनेचा यांच्याशी संबंध असू शकतो हे त्याने सांगितले, पण शितावरून भाताची परीक्षा करायला तो तयार झाला नाही. हा संबंध पक्का व्हायला पुढे कित्येक दशके गेली.

१३ मार्च १९८९ ला, पहाटे पावणेतीनला, कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज अशाच जमिनीतल्या प्रवाहांनी दीड मिनिटात गेली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. २३ जुलै २०१२ ला कॅरिंग्टनच्या तोडीचा ढग सूर्यापासून सुटला. तो पृथ्वीच्या दिशेने नव्हता, एवढेच आपले नशीब.

कुलाब्याच्या त्या वहीचे मोल २००३ मध्ये जगाला कळले. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदींचा आलेख प्रसिद्ध केला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेध १९०४ पासून अलिबागला नेण्यात आले होते. ते आजही चालू आहेत. सर्वांत मोठे वादळ किती मोठे असू शकते, हे ठरवायला जगाकडे असलेला एक प्रमुख आधार या कुलाबा-अलिबागच्या नोंदींचा आहे.

‘आदित्य-एल१’चे उड्डाण २ सप्टेंबर २०२३ ला झाले, कुलाब्याचा काटा घसरला त्यानंतर बरोबर १६४ वर्षांनी. यान इशारा देईल. तो मिळाल्यावर कोणत्या वाहिन्यांवरचा भार उतरवायचा, कोणते ट्रान्सफॉर्मर जपायचे, हे विजेच्या लोड डिस्पॅच सेंटरमधल्या माणसाला आधीपासून पाठ असायला हवे. अकरा मिनिटांत बैठक बोलावता येत नाही.