ढगांची नावे आणि एक कापलेला गुण

इ. स. १८०२ च्या डिसेंबर महिन्यात एका संध्याकाळी लंडनच्या लोंबार्ड रस्त्यालगतच्या प्लाउ कोर्ट नावाच्या आवारात, एका औषधवाल्याच्या प्रयोगशाळेत, काही तरुण मंडळी व्याख्यान ऐकावयास जमली होती. मंडळाचे नाव अ‍ॅस्केशियन सोसायटी. नियम असा की, प्रत्येक सभासदाने आपल्या पाळीला निबंध वाचावा, नाहीतर दंड भरावा. हा नियम आपल्या व्याख्यानमालेने श्रोत्यांना लावला तर काय होईल, हा विचार आम्ही येथेच सोडून देतो.

त्या दिवशीची पाळी ल्यूक हॉवर्ड याची होती. वय तीस, धंदा औषधी रसायने तयार करण्याच्या कारखान्याची देखभाल. म्हणजे आमच्या हिशेबी तो मालकांच्या बाजूचा. पण विद्येच्या बाबतीत तो आमच्यासारखाच दाराबाहेरचा होता. क्वेकर पंथाच्या घरात जन्मल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी त्याला मिळणे शक्य नव्हते. शाळेत लॅटिन व्याकरण मात्र घोटून घेतलेले. आकाशाचा नाद लहानपणापासूनचा. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखी फुटला आणि त्याचा धूर युरोपभर पसरून सूर्य लालभडक दिसू लागला, तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता.

त्याच्या व्याख्यानाचा विषय होता ढगांचे प्रकार. तोवर विद्वानांची समजूत अशी की, घटकेत बदलणाऱ्या वस्तूला नाव ठेवून उपयोग काय? हॉवर्डने उलट सांगितले. ढगांचे आकार अगणित असले तरी मूळ घडणी थोड्याच आहेत. केसांच्या बटेसारखा पिंजलेला तो सिरस, ढिगासारखा रचलेला तो क्युम्युलस, चादरीसारखा पसरलेला तो स्ट्रेटस. आणि पाऊस देणारा मिश्र ढग तो निंबस. एक घडण दुसरीत जाऊ लागली की दोन नावे जोडावयाची. आमच्या मते त्याच्या कामातील खरी गोम या जोडनावांत आहे. ढग बदलतो ही ज्याला अडचण वाटत होती, तेच त्याने नावात घालून टाकले.

याच वर्षी पॅरिसमध्ये लामार्क या थोर निसर्गशास्त्रज्ञानेही ढगांना नावे दिली होती. ती फ्रेंचमध्ये होती आणि चालली नाहीत. हॉवर्डची लॅटिन नावे सर्व देशांच्या विद्वानांना सारखीच परकी, म्हणून सारखीच सोयीची ठरली. पुढे फॉर्स्टर नावाच्या त्याच्याच देशबांधवाने या नावांना इंग्रजी पर्याय सुचविले, तेव्हा हॉवर्डने विरोध केला. या बाबतीत आम्ही हॉवर्डच्या बाजूचे नाही. विद्वानांनी लॅटिन खुशाल वापरावे. दहा वर्षांच्या पोराला राशिमेघ, स्तरमेघ, तंतुमेघ ही नावे अगोदर द्यावीत. क्युम्युलस म्हणजे रास, हे कळले की क्युम्युलस पाठ करावा लागत नाही.

आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत रविवारी सकाळी सभासदांची मुले जमतात. आईबाप यंत्रमागावर नाहीतर बांधकामावर. बहुतेक दुष्काळी भागातून आलेले. या मुलांना ढग शिकवू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, अर्धी विद्या त्यांच्या घरीच आहे. आजी जिला मळभ म्हणते ती बहुधा स्तरमेघाची चादर असते. चंद्राला खळे पडले असे आजोबा सांगतात, तेव्हा सहा किलोमीटरहून उंच असलेल्या पातळ ढगातील बर्फाचे स्फटिक प्रकाश वाकवीत असतात; पुस्तकात त्या ढगाला सिरोस्ट्रेटस म्हणतात. आणि वैशाखात दुपारनंतर राशीवर रास चढून ऐरणीसारखा माथा पसरलेला, वळीव घेऊन येणारा ढग दाखवावयास तर मास्तर लागतच नाही. त्याची उंची कधी कधी पंधरा किलोमीटरवर जाते, एवढेच आम्ही सांगितले.

तेव्हा ओळखणे सोपे गेले. भांडण झाले ते ढग होतो कसा, यावरून.

वर्गातल्या एका मुलीने शाळेच्या परीक्षेत लिहिले की, वाफेची हवा वर जाते, वर दाब कमी म्हणून ती फुगते, फुगल्यामुळे थंड होते आणि मग धुळीच्या किंवा धुराच्या कणांवर पाणी धरून ढग होतो. बाईंनी धूळ आणि धूर यांवर लाल रेघ ओढून दोनपैकी एक गुण दिला. छापील उत्तरात ते शब्द नव्हते. मुलगी उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही चुकीचं शिकवलंत का?"

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. मेघदूतात कालिदासाने ढगाच्या घटकांत धूर धरला आहे खरा; पण ती कवीची नजर झाली. शास्त्रात ही गोष्ट हॉवर्डच्या व्याख्यानानंतर सत्तरांहून अधिक वर्षांनी आली. १८७५ साली कुलिए या फ्रेंच रसायनज्ञाने काचेच्या कुपीत थोडे पाणी घेऊन तिला रबरी चेंडू जोडला. चेंडू दाबून सोडला की कुपीत धुके होई. हवा गाळून घेतली की होईना. पाच वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉन एटकिनने हेच स्वतंत्रपणे दाखविले. एका भांड्यात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा. दोहोंत वाफ सोडली. पहिले भांडे पांढरे झाले, दुसरे स्वच्छ राहिले. वाफेला थेंब होण्यास बसावयाला काहीतरी जागा लागते. समुद्राच्या मिठाचा कण, माती, धूर, काहीही चालते. तेव्हा जे हॉवर्डला ठाऊक नव्हते ते या मुलीने लिहिले होते आणि गुण गमावला होता.

आमची सवय निवेदन देण्याची. या वेळी निवेदनाऐवजी पाण्याची प्लॅस्टिकची बाटली नेली. आत दोन चमचे कोमट पाणी घालून हलविली, झाकण घट्ट लावले, दाबली आणि सोडली, काही दिसेना. मग विझवलेल्या काडीचा धूर आत घेतला, पुन्हा दाबली आणि सोडली. बाटली दुधासारखी झाली. पुन्हा दाबली तर स्वच्छ. मुलांना नवल वाटते ते येथे. दाबल्यावर ढग होईल अशी त्यांची अटकळ असते आणि होतो तो सोडल्यावर. सोडल्याने हवा पसरते, पसरण्यात तिची ऊब खर्च होते. मोकळ्या आभाळात कोरडी हवा शंभर मीटर वर चढली की साधारण एक अंश थंड होते, ती याच कारणाने.

बाईंनी बाटली स्वतःच्या हाताने चारपाच वेळा दाबून पाहिली. म्हणाल्या, "आम्हाला हे कुणी दाखवलंच नाही हो." ते खरेच होते, आणि आमचा आवाज त्यापूर्वी जरा चढला होता, याचे वाईट वाटले. गुण मात्र वाढला नाही. गुणपत्रके वर गेली होती.

हॉवर्डची नावे पुढे १८९६ च्या आंतरराष्ट्रीय मेघ-चित्रसंग्रहात दहा प्रकारांची झाली. त्या संग्रहाच्या २०१७ च्या आवृत्तीत अ‍ॅस्पेरिटास हे खवळलेल्या लाटांसारखे नवे रूप आले, तेही ढगांच्या हौशी निरीक्षकांनी छायाचित्रे पाठवून लावून धरल्यामुळे. पुण्यात ज्याला सिमला ऑफिस म्हणतात तेथे १९२८ पासून हवामान खात्याचे काम चालते. मुलांना एकदा तिकडे नेण्याचे कबूल केले आहे.

बाटली बाईंनी शाळेत ठेवून घेतली. रविवारी आम्ही दुसरी आणली. त्या मुलीने वहीत तारीख घालून लिहिले होते, "पश्चिमेला तंतुमेघ, खाली रास, नक्की नाही." आम्ही खिडकीतून पाहिले. आम्हालाही नक्की सांगता येईना, म्हणून सर्वजण गच्चीवर गेलो.