तळटीप : ‘पुलापलीकडे’
‘पुलापलीकडे’ : पुण्यातल्या लकडी पुलाच्या पश्चिमेला, डेक्कन जिमखाना, एरंडवणे आणि पुढे कोथरूड. पेठेतली बिऱ्हाडं तिकडे गेली ती केवळ ऐपत वाढली म्हणून, हे लेखकाचं म्हणणं मला अपुरं वाटतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि शनिवार, नारायण, कसबा पेठांतले नदीकाठचे कितीतरी वाडे चिखलात बसले. अनेक पूरग्रस्तांनी गोखलेनगरात, पर्वतीमागच्या सहकारनगरात नव्याने संसार मांडले. जे वाडे तगले त्यांना भाडेनियंत्रणाने पोखरलं. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. दोन खोल्या, सामाईक नळ, संडासासाठी रांग. लग्न झालेल्या मुलाला स्वतंत्र खोली द्यायची कुठून? बँकेतल्या, शाळेतल्या नोकरदारांनी गृहनिर्माण सोसायट्या काढल्या, कर्जं काढली, ती या अडचणीपायी. त्यात घरातल्या बाईचा आग्रह किती मोठा होता, हे आठवणींच्या पुस्तकांत फारसं येत नाही, याची खंत वाटते. पहाटे अंधारात नळावर उभी राहणारी तीच होती. वाड्यात मागे उरली ती बहुधा म्हातारी माणसं. – संपा.