एका प्रस्तावनेची झालेली ६,५०० पाने

१९२६ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या संस्कृत ग्रंथाची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. संपादक होते मुंबई उच्च न्यायालयातील वकील पांडुरंग वामन काणे, वय ४६. या ग्रंथाला जोडून धर्मशास्त्र-वाङ्मयाचा इतिहास थोडक्यात द्यावा, असा त्यांचा मानस होता. तो प्रस्तावनेत मावेना, तेव्हा स्वतंत्र ग्रंथ करण्याचे ठरले. तो ग्रंथ १९६२ साली पूर्ण झाला आणि तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. आजचा धागा या मधल्या ३६ वर्षांविषयी.

काण्यांचा जन्म १८८० सालचा, चिपळूणजवळच्या परशुराम गावचा. आरंभी ते सरकारी शाळेत शिक्षक होते. १९११ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि मुंबईत वकिली सुरू केली. प्रस्तावना हाताबाहेर जाण्याची त्यांना तशी सवयच होती. १९१० साली संपादित केलेल्या ‘साहित्यदर्पणा’ला त्यांनी अलंकारशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडली होती, तीच पुढे वाढत जाऊन संस्कृत काव्यशास्त्राच्या इतिहासाचे स्वतंत्र पुस्तक झाले.

पण एका वकिलाला सतराव्या शतकातल्या नीलकंठाशी काय कर्तव्य? पुष्कळच. ब्रिटिश अमदानीत हिंदूंचे वारसा, वाटणी, दत्तक यांविषयीचे दावे धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांच्या आधारे निकाली निघत. पश्चिम भारतात बहुतेक ठिकाणी ‘मिताक्षरा’ प्रमाण. परंतु गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे दोहोंत मतभेद आला की ‘मयूखा’चा शब्द वरचढ ठरे. नीलकंठ काशीत राहणारा, त्याचे घराणे मूळचे पैठणचे. त्याच्या एका वाक्याच्या अर्थावर मुंबईतल्या एखाद्या विधवेचा किंवा बहिणीचा वारसाहक्क अवलंबून असे. ज्या पोथ्यांवर पक्षकारांची घरेदारे टांगलेली, त्यांचा कालक्रम आणि पाठ नेमका ठाऊक असणे ही न्यायालयाची रोजची गरज होती.

ही वकिली शिस्त ग्रंथाच्या पानापानांत दिसते. कोणतेही विधान आले की त्याखाली ग्रंथ, अध्याय आणि श्लोक यांचा निर्देश येतोच. पुष्कळदा मूळ संस्कृत उतारा तळटीपेत उतरवलेला असतो, म्हणजे वाचकाने लेखकाच्या शब्दावर विसंबून राहू नये. विरुद्ध मत मांडल्याखेरीज ते आपले मत सांगत नाहीत. स्मृतिवचनाशेजारी उच्च न्यायालयाचा किंवा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा निःसंकोच येऊन बसतो. कोणता ग्रंथ कोणाच्या आधीचा, याचा कालानुक्रम ते स्वतंत्र कोष्टकात देतात. काही ठिकाणी हे वाचन कंटाळवाणे होते, हे कबूल केले पाहिजे. पण मजकूर तपासून पाहता यावा यासाठी तो असा लिहिलेला आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे?

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण अधिक जिव्हाळ्याने निघते. दफ्तरांच्या शोधात केलेली भटकंती, फटकळ वाणी, संस्थांशी झालेली भांडणे... त्यांची गोष्ट सांगायला सोपी आहे. योगायोग असा की, ‘व्यवहारमयूख’ छापून आला त्याच १९२६ सालाच्या अखेरच्या दिवशी राजवाडे निवर्तले. काण्यांच्या आयुष्यात असे नाट्य नाही. आहेत त्या केवळ तारखा. पहिला खंड १९३० चा. दुसरा, दोन भागांत, १९४१ चा. म्हणजे मध्ये ११ वर्षांची शांतता. तिसरा, राजधर्म आणि व्यवहार यांवरचा, १९४६ चा. १९४७ ते १९४९ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. चौथा खंड आला १९५३ मध्ये. पाचव्याचे दोन भाग १९५८ आणि १९६२ चे. एकूण पाने सुमारे ६,५००, सगळी इंग्रजीत. त्याच भांडारकर संस्थेत त्याच काळात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर विद्वानांचा एक संघ काम करीत होता. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या मुखपृष्ठावर मात्र पहिल्या खंडापासून शेवटच्यापर्यंत एकच नाव आहे.

आता या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. १९५३ पासून काणे राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. ते सदस्य असतानाच, १९५५ साली हिंदू विवाह कायदा आणि १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा संमत झाला. कायद्यात ज्या विषयाची तरतूद केली आहे, त्यापुरते जुने शास्त्रवचन व रूढी यापुढे लागू नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. न्यायालयात ‘मिताक्षरा’ मोठी की ‘मयूख’, हा काण्यांच्या वकिलीच्या काळातला वाद वारशापुरता तरी बव्हंशी संपला. ज्या व्यावहारिक गरजेतून या कामाचा उगम झाला होता, ती गरज त्यांच्या डोळ्यांदेखत ओसरली. त्याच १९५६ साली चौथ्या खंडाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. इथे थांबले असते, तर कोणी दोष दिला नसता. पण व्रते, उत्सव, कालगणना, शांतिकर्मे, पुराणे, तंत्रे आणि दर्शने हे विषय बाकी होते. यांपैकी बहुतेकांचा न्यायालयाशी कधीच फारसा संबंध नव्हता, आणि आता तर धर्मशास्त्राचा मोठा भागच कायद्याच्या प्रांतातून इतिहासाच्या प्रांतात गेला होता. काण्यांनी पुढचे दोन्ही भाग तळटीपांच्या त्याच शिस्तीने लिहिले. वाचताना कुठेही हात सैल पडल्याचे जाणवत नाही.

१९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. त्यानंतर ते पुन्हा १९३० च्या पहिल्या खंडाकडे वळले. मधल्या काळात नव्या संहिता छापून आल्या होत्या, नवे संशोधन झाले होते. पहिल्या खंडाच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्तीचा पूर्वार्ध १९६८ मध्ये निघाला, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. १९७२ साली त्यांचे निधन झाले. उत्तरार्ध १९७५ मध्ये छापून आला.