उद्योगस्थापना : जाहीर सूचना व सुनावणी

उपद्रवकारक कारखाना उभारण्यापूर्वी परिसरातील रहिवाशांस त्याची माहिती देऊन त्यांच्या हरकती ऐकून घेण्याची शासकीय पद्धती. देशव्यापी कायद्याच्या रूपाने ती फ्रान्समध्ये १५ ऑक्टोबर १८१० च्या हुकूमनाम्याने दृढ झाली. सोडा, आम्ले, सरस इत्यादींच्या कारखान्यांच्या दुर्गंधीविषयी तक्रारी वाढल्याने शासनाने विद्वत्सभेचा सल्ला मागविला होता. १८०४ च्या अहवालाचे एक लेखक शाप्ताल हे स्वतः रासायनिक कारखान्याचे मालक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. हुकूमनाम्याने कारखान्यांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील कारखाने वस्तीपासून दूर असणे आवश्यक होते आणि त्यांच्या अर्जाची सूचना ५ किमी. परिघातील सर्व गावांत लावावी लागे. कोणाही व्यक्तीस हरकत घेता येई. मात्र परवान्यानंतर जवळपास घर बांधणाऱ्यास कारखाना हलविण्याची मागणी करता येत नसे. रहिवाशांच्या आरोग्याइतकेच, किंबहुना अधिक, संरक्षण या तरतुदींनी भांडवलास दिले.

जर्मनीत १८६९ च्या उद्योगसंहितेने हरकतींसाठी १४ दिवसांची मुदत ठेवली. परवाना मिळालेला कारखाना बंद करण्याची मागणी शेजाऱ्यास न्यायालयात करता येत नसे; उपद्रव टाळणारी व्यवस्था किंवा ती अशक्य असल्यास नुकसानभरपाई एवढेच त्यास मागता येई.

भारतात २७ जानेवारी १९९४ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत सुनावणी सक्तीची नव्हती. १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने ती अनिवार्य झाली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकल्पस्थळी वा त्याच्या निकट सुनावणी घेते. किमान ३० दिवस आधी सूचना प्रसिद्ध करावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. मूळ अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच असल्याने ग्रामस्थांची खरी अडचण तेथेच होते. गणपूर्तीची अट नाही. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना सुनावणीतून सूट देण्यात आली.

सुनावणीत प्रकल्पाच्या बाजूने वा विरुद्ध मतदान होत नाही. हरकतींची नोंद होऊन ती तज्ज्ञ समितीपुढे जाते. या नोंदीचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न गोव्यातील एका खाणीच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. २००९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की समितीने प्रत्येक हरकतीचा विचार करून ती स्वीकारण्याची वा नाकारण्याची कारणे नमूद केली पाहिजेत.