करटोली

करटोली : काकडी-कारल्याच्या कुलातील (कुकर्बिटेसी) बहुवर्षायू वेल आणि तिच्या मऊ काट्यांच्या हिरव्या फळांची भाजी. मराठीत कंटोली, कर्टुली. संस्कृतात कर्कोटकी, हिंदीत ककोडा, कोकणीत फागलां. शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात, हे ‘डायोइका’ या शब्दातच सांगितले आहे आणि लागवडीची मेखही तिथेच आहे.

वेल जमिनीतल्या कंदावर तगून राहते. हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, वळवाच्या सरी आल्या की कोंब फुटतात आणि आषाढापासून फळे धरू लागतात. कुंपणावर, झुडपांवर, डोंगरउतारावर ती आपसूक चढते. पालघर, ठाणे, रायगड या जिल्ह्यांतील आदिवासी बायका फळे रानातून खुडून मुंबईत आणतात आणि स्थानकांबाहेर वाटे लावून विकतात.

खार रोड स्थानकाच्या पश्चिमेला, समुद्रकाठी असलेल्या खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात वेलीसाठी मांडव घालायला जमीन नाही. गिऱ्हाईक मात्र आहे. यांत्रिक होड्यांना साधारणपणे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि मागोमाग श्रावण येतो. ताजी मासळी कमी असते त्याच दिवसांत करटोली बाजारात येतात. भाजीत सुका जवळा किंवा सोडे घालण्याची किनारपट्टीवरची रीत करटोल्यांनाही लागू आहे. रानमेव्याला शहरात चांगला भाव मिळतो, त्याचे कारण चवीइतकेच या हंगामात आहे. कृषी विभागाच्या रानभाज्या महोत्सवांनीही करटोल्यांची ओळख वाढवली.

लागवड बियांपासून करता येते, पण ते जुगारासारखे आहे. बी लवकर रुजत नाही आणि रोप नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे (पद्मश्री, २०२०) यांनी वाल-घेवड्याचे गावरान वाण बियांच्या रूपात जपले; करटोलीत तेवढ्याने भागत नाही, कंदच जपावे लागतात. त्यासाठी नर-मादीची ओळख फुलोऱ्यात पटवायची. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे काटेरी फळ आधीच दिसते; नर फुलाखाली फळ नसते, देठावर टोपीसारखे छद (लहान पान) असते. दोन रंगांच्या चिंध्या बांधून वेली वेगळ्या ओळखून ठेवल्या, की वेली वाळल्यावर कंद वेगवेगळे काढता येतात. आठ ते दहा मादी वेलींमागे एक नर वेल पुरते. फळ देत नाही म्हणून नर वेली उपटून टाकल्या, तर मांडवभर फुले येतात आणि फळे गळून पडतात.

कंद जूनच्या सुरुवातीला, निचऱ्याच्या जमिनीत, साधारण दोन मीटर अंतरावर लावतात. भातखाचरात तो कुजतो; बांध, वरकस जमीन, घरामागची परसबाग चालते. बांबू व तारेचा मांडव हाच मोठा खर्च. कंद दरवर्षी पुन्हा फुटत असल्याने हा खर्च काही हंगामांत वाटला जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उत्पन्नही वाढते. फुले संध्याकाळी उमलतात, परागण निशाचर पतंग करतात. म्हणून त्या वेळी फवारणी करणे म्हणजे आपल्याच पिकावर घाव. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे गंधसापळे लावतात, किडकी फळे गोळा करून पुरतात. सुधारित वाणांत रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा ‘इंदिरा कंकोड-१’ प्रसिद्ध आहे.

तोडणी दोन-तीन दिवसांआड, बी कोवळे असतानाच करावी लागते. एक तोडणी चुकली तर फळ पिवळे पडते, बी टणक होते आणि गिऱ्हाईक ते हातातही घेत नाही. हे काम यंत्राने होत नाही, मजुरीवर परवडत नाही. घरची चार माणसे राबणाऱ्या पाच-दहा गुंठ्यांना मात्र ते जमते. पहाटेच्या गाडीने माल शहरात पोचवता येईल अशा वसई, शहापूर, कर्जत या पट्ट्यांना त्यामुळे फायदा अधिक.

मागणी वाढल्यावर रानातले कंदच खणून नेण्याचे प्रकार होतात. फळ खुडले तर वेल पुढच्या पावसात परत येते. कंद नेला तर येत नाही.