पी३८ किनेजची कुळकथा

पी३८ हे मानवी पेशीतले ३६० अमिनो आम्लांचे प्रथिन. ते किनेजांच्या कुळातले आहे. एटीपीच्या रेणूवरचा एक फॉस्फेट काढून तो दुसऱ्या प्रथिनावर चढवायचा, हे या कुळाचे काम. फॉस्फेट चढला की त्या प्रथिनाचे वागणे बदलते. थांबलेले चालू होते, चालू असलेले थांबते. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक किनेजे आहेत. त्यांतले पी३८ जागे होते ते पेशी अडचणीत आली की: उष्णता, वाढलेले क्षार, अतिनील किरण किंवा जंतूंचे विष यांपैकी काहीही पुरते.

कुळाचा मूळपुरुष स्नायूंत सापडला. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा कसा मोकळा होतो, हे शोधताना एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांना १९५०च्या दशकात सिएटलमध्ये फॉस्फेटची ही देवघेव दिसली. १९९२ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांत पी३८ पुढे आले, आणि तेही एका दमात अनेक ठिकाणी.

कॅलिफोर्नियात ला होया येथील स्क्रिप्स संस्थेत जियाहुआई हान आणि रिचर्ड उलेविच जंतुविषाचा अभ्यास करत होते. विष लागताच पेशीतल्या एका प्रथिनावर झटपट फॉस्फेट चढे. त्याचे वजन ३८ किलोडाल्टन भरले, म्हणून नाव पी३८. १९९४च्या त्यांच्या शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती: पेशीभोवतीचे क्षार वाढवले तरी हेच प्रथिन जागे होते. यीस्टमधल्या हॉग१ या किनेजशी त्याचे घट्ट साम्य होते, आणि हॉग१ खाऱ्या पाण्यात यीस्टला तगवते हे १९९३ सालीच कळले होते. म्हणजे ही यंत्रणा यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा फुटण्याआधीची, फार जुनी.

त्याच वर्षी स्मिथक्लाइन बीचम या औषध कंपनीतले संशोधक उलट दिशेने तिथेच पोचले. दाह कमी करणारी काही रसायने त्यांच्या हाती होती, पण ती पेशीत नेमकी कशावर काम करतात हे ठाऊक नव्हते. त्यांनी रसायनालाच किरणोत्सर्गी खूण लावली, ते ज्याला चिकटले ते प्रथिन वेगळे काढले, आणि निघाले ते पी३८. फिलिप कोहेन, आंगेल नेब्रेडा आणि सहकाऱ्यांना तेच प्रथिन उष्णता आणि आर्सेनाइट यांनी त्रासलेल्या पेशींत सापडले. औषध, जंतू, उष्णता, मीठ असे चार वेगळे प्रश्न एकाच रेणूपाशी येऊन मिळाले. पेशीच्या ताणाच्या अभ्यासाला खरा आधार मिळाला तो इथे.

यातले मीठ आणि उष्णता बीड जिल्ह्याला परकी नाहीत. दिवाळीच्या सुमारास इथली ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गाळप संपेपर्यंत उन्हात राबतात. लघवीला जायला आडोसा नसल्याने बायका पाणी मुद्दाम कमी पितात. घाम गेला आणि पाणी आले नाही की रक्तातल्या क्षारांची तीव्रता वाढते. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात तर लघवी घट्ट होताना विरघळलेल्या द्रव्यांची एकूण तीव्रता रक्ताच्या चौपटही होते. अशा खारट परिस्थितीत तिथल्या पेशींतले पी३८ सक्रिय होते, हे प्रयोगांत दिसले आहे. पेशी मग सॉर्बिटॉलसारखे रेणू साठवून आपले पाणी राखते आणि त्या कामात पी३८चा वाटा असतो.

अभ्यासासाठी हे प्रथिन माणसाच्या पेशींतून काढायचे तर हाती फार थोडे लागते आणि त्यात इतर किनेजांची भेसळ राहते. म्हणून मानवी जनुक प्लाझ्मिड या डीएनएच्या छोट्या कड्यात घालून ते ई. कोलाय जिवाणूंत सोडतात. जनुकाच्या टोकाला सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडलेली असते. जिवाणू वाढले की आयपीटीजी हे रसायन घालून प्रथिननिर्मिती सुरू करतात, मग पेशी फोडून तो रस निकेलच्या स्तंभातून सोडतात. हिस्टिडिन निकेलला धरून ठेवते, बाकीचा गाळ वाहून जातो आणि इमिडॅझोल ओतल्यावर शुद्ध प्रथिन सुटते. पण ते असते निद्रिस्त. पी३८ जागे होण्यासाठी १८०व्या जागेवरच्या थ्रिओनिनवर आणि १८२व्या टायरोसिनवर, अशा दोन्हीकडे फॉस्फेट लागतो, आणि तो चढवणारे एमकेके६ हे किनेज जिवाणूंकडे नसते. म्हणून ते वेगळे बनवून, एटीपीसह मिसळून पी३८ला सक्रिय करतात. मग कुप्या उणे ८० अंशांवर जातात.

महाराष्ट्रात पी३८ची सगळ्यांत ठसठशीत नोंद पुण्याची आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भास्कर साहा यांच्या गटाने लीशमॅनिया परजीवीचा अभ्यास केला. हा परजीवी शरीराच्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींतच घर करतो. २००३ साली या गटाने दाखवले की परजीवी शिरलेल्या पेशीत सीडी४० या ग्राहकाकडून पी३८कडे जाणारा संदेश लुळा पडतो, आणि अ‍ॅनिसोमायसिनने पी३८ जागे केले की उंदरांत संरक्षण परत येते. पुढच्या वर्षीचा निष्कर्ष अधिक खोल होता. एकाच सीडी४०कडून दोन वाटा फुटतात: पी३८ची वाट परजीवीशी झुंजायला लावणारे इंटरल्यूकिन-१२ वाढवते, तर ईआरके या दुसऱ्या किनेजची वाट प्रतिकार शमवणारे इंटरल्यूकिन-१०. पेशीचा निर्णय या दोन वाटांच्या तोलावर ठरतो.

औषधांच्या बाजूला मात्र अपेक्षा फळल्या नाहीत. पी३८ रोखणारी अनेक रसायने संधिवाताच्या रुग्णांवर तपासली गेली; कुठे यकृताला त्रास झाला, कुठे सुरुवातीचा परिणाम काही आठवड्यांत ओसरला. तरी नवे रसायन तपासताना पहिली चाचणी आजही जिवाणूंत बनवलेल्या या प्रथिनावरच होते: सक्रिय पी३८, एटीपी आणि एटीएफ२ हे लक्ष्यप्रथिन एकत्र करायचे, रसायन घालायचे आणि एटीएफ२वर फॉस्फेट किती चढला ते मोजायचे.