संडासातली गुडगुड आणि नहाणीतलं उलटं पाणी: इमारतीची ड्रेनेज लाइन नेमकी कुठे अडलीय ते कसं शोधायचं

सकाळी तळमजल्याच्या नहाणीतून काळं पाणी वर येतं. कमोडमध्ये कोणी न जाताच बुडबुडे येतात. आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक म्हणतात, ‘आमच्याकडे तर काहीच नाही.’ वसई-विरार पट्ट्यात राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हे सांगायला नको. लाइन साफ करणारा माणूस बोलवायचा, वर्गणी काढायची, महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. पुन्हा पुन्हा तुंबणं हा कचऱ्याचा प्रश्न क्वचितच असतो. बहुतेक वेळा पाइपात, हवेच्या वाटेत किंवा टाकीत एक ठरावीक दोष असतो, आणि तो शोधल्याशिवाय कितीही वेळा बांबू घातला तरी काम होत नाही.

चिंचोटीत आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची आहे. दोन वर्षांत पाच वेळा लाइन साफ केली. तळमजल्यावर एक वयस्कर खाला राहतात, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या गुसलखान्यात घाण पाणी आलं की वजूसाठीही त्यांना शेजारी जावं लागायचं. दोष कोणाला दिला? पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंना. घरात लहान बाळ, म्हणजे डायपर तेच टाकत असणार. मीटिंगमध्ये तर त्यांनी घर खाली करावं इथपर्यंत गोष्ट गेली होती. नंतर खरं कारण निघालं तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ते कारण पुढे येईलच.

गुडगुड म्हणजे हवा

शाळेत मी हे बाटलीने दाखवतो. प्लास्टिकची भरलेली बाटली उलटी धरली की पाणी गुडगुड करत, थांबत-थांबत पडतं, कारण पाणी बाहेर यायला हवा आत जावी लागते आणि दोघांना वाट एकच. आता बाटलीच्या बुडाला खिळ्याने भोक पाडा. पाणी आवाज न करता धारेने पडतं. इमारतीच्या उभ्या पाइपाचं तसंच. त्याचं वरचं टोक गच्चीवर उघडं ठेवलेलं असतं, तेच ते भोक. त्याला व्हेंट पाइप म्हणतात.

दुसरी गोष्ट ट्रॅप. कमोडच्या खाली, बेसिनच्या खाली, नहाणीच्या जाळीखाली पाइपाला वाक दिलेला असतो आणि त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं. ते पाणी म्हणजे गटारातला वायू आणि आपलं घर यांच्यामधलं दार. पाइपात हवेचा दाब बिघडला की हवा या पाण्यातूनच वाट काढते. तीच गुडगुड.

ती गुडगुड दोन तऱ्हेची असते आणि फरक ओळखला की अर्धं काम झालं. वरच्या कोणी फ्लश केलं आणि आपल्या कमोडमधलं पाणी खाली ओढल्यासारखं होऊन पातळी कमी झाली, तर पाइप हवा मागतोय. व्हेंट बंद आहे. पण पाणी वर उसळून बुडबुडे येत असतील, तर वरून येणाऱ्या पाण्याने दाबलेल्या हवेला खाली जायला वाट नाही. अडथळा आपल्या खालच्या बाजूला आहे. हे दुसरं लक्षण सर्वात आधी तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर दिसतं. म्हणजे ज्यांच्याकडे त्रास दिसतो त्यांची चूक असेलच असं नाही, उलट बहुधा नसतेच.

आधी वही, मग प्लंबर

आठ दिवस एक वही ठेवा. कोणत्या घरात, कोणत्या नळीत, किती वाजता, पाऊस होता की नाही, इतकंच लिहायचं. मग वहीच बोलते.

फक्त एकच बेसिन किंवा एकच नहाणी तुंबते, तर दोष त्या ट्रॅपमध्ये. केस, साबणाचा थर, भांड्यांचं खरकटं. एका घरातलं सगळं तुंबतं पण वरचे-खालचे ठीक आहेत, तर त्या घरातून उभ्या पाइपाला जाणारी आडवी शाखा बघा. घरात नुकतंच टाइल्सचं काम झालं असेल तर आधी मिस्त्रीला विचारा की सिमेंटची घमेली कुठे धुतली. नहाणीत धुतलेलं सिमेंट वाकात बसून दगड होतं, मग तोडण्याशिवाय इलाज नसतो.

एकावर एक असलेल्या घरांत, म्हणजे १०१, २०१, ३०१ मध्ये त्रास आणि शेजारच्या रांगेत काही नाही, तर तो उभा पाइप किंवा त्याच्या तळाचा वाक. सगळ्या रांगांच्या तळमजल्यावर पाणी उलटतं, तर बाहेरची मुख्य लाइन किंवा सेप्टिक टाकी. पाणी व्यवस्थित जातं आणि फक्त आवाज येतो, तर व्हेंट. आवाज नाही, तुंबणं नाही, फक्त वास येतो, आणि कुटुंब महिनाभर गावी गेलं होतं, तर ट्रॅपमधलं पाणी सुकलंय. दोन बादल्या पाणी ओतलं की झालं.

वेळेच्या नोंदीला आपल्या भागात खास महत्त्व आहे. कितीतरी इमारतींत टाकीचं पाणी दिवसभर नसतं, सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळ सोडतात. त्या वेळात वीस घरं एकदम कपडे धुतात, आंघोळ करतात, पिंपं भरतात. लाइन अर्धी अडलेली असली तरी दुपारी सगळं ठीक वाटतं आणि सात वाजता पाणी उलटतं. दुपारी आलेला प्लंबर ‘लाइन क्लिअर आहे’ सांगून जातो. त्याला पाणी सोडायच्या वेळेलाच बोलवा.

चेंबर उघडून बघणं

इमारतीभोवती जी झाकणं दिसतात ती इन्स्पेक्शन चेंबर. पाणी एकातून दुसऱ्यात जात शेवटी टाकीला मिळतं. टाकीच्या बाजूने सुरुवात करून एकेक झाकण उघडायचं. एक चेंबर काठोकाठ भरलेला आणि त्याच्या पुढचा जवळजवळ रिकामा, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात. सगळेच भरलेले असतील तर दोष टाकीत किंवा टाकीच्या पुढे. कोणता पाइप कोणत्या चेंबरला येतो हे कळत नसेल तर वरच्या मजल्यावरून कपड्यांची नीळ कालवलेली एक बादली ओता आणि खाली उभं राहून बघा, निळं पाणी कुठे येतं आणि किती वेळाने येतं.

आमच्याकडे याच पद्धतीने उत्तर मिळालं. दुसरा चेंबर भरलेला, तिसरा कोरडा. निळं पाणी तिसऱ्यात यायला बराच वेळ लागला आणि तेही फिकट. मधला तुकडा खोदला. डायपर एकही नव्हता. पाइप मध्येच खचून झोळीसारखा झाला होता आणि एका सांध्यात तडा होता. ती जागा म्हणजे बरोबर आमचा पाण्याचा टँकर जिथे उभा राहतो ती. दहा हजार लिटरच्या टँकरमधलं नुसतं पाणीच दहा टन भरतं, गाडीचं वजन वेगळं. पाइप जेमतेम फूटभर खोल, खाली भरणीची माती, वरती काँक्रीटचा थरही नाही. खोलगट जागेत गाळ साठायचा, बांबूने तो निघायचा आणि पुन्हा साठायचा. पाच वेळा पैसे आम्ही त्याच झोळीत घातले.

पाइप बदलताना उतार मोजून घ्या. चार इंची पाइपाला दहा फुटांत साधारण दोन ते साडेतीन इंच उतार हवा. मिस्त्री ‘अंदाजाने दिलाय’ म्हणाला तर ऐकू नका, पाण्याची लेव्हल-ट्यूब लावायला सांगा. गाडी जाते तिथे पाइपाला काँक्रीटचं आवरण हवंच. आणि खोदलंच आहे तर तळमजल्याचे संडास-नहाणी उभ्या पाइपापासून तोडून वेगळ्या पाइपाने थेट चेंबरला जोडून घ्या. म्हणजे पुढे कधी उभ्या पाइपाच्या तळाशी अडलं तर वरच्यांची घाण तळमजल्याच्या घरात उलटणार नाही.

जुन्या इमारतींत पिंपळ-उंबराची मुळंही सांध्यांतून पाइपात शिरतात. भिंतीला उगवलेलं छोटं रोप दिसलं की तेव्हाच काढलेलं बरं.

गच्ची विसरू नका. पावसापासून बचाव म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घालतात, तेव्हा मध्ये येणारा व्हेंट पाइप कापून शेडखाली सोडतात किंवा वास येतो म्हणून तोंडाला पिशवी बांधून वर सिमेंट थापतात. व्हेंट शेडच्या वर काढून त्याला जाळीची टोपी बसवायची, एवढंच काम असतं.

फक्त पावसाळ्यात तुंबत असेल तर

चिंचोटी-कामणच्या मागे तुंगारेश्वरचे डोंगर आहेत, धबधब्याला येणाऱ्यांना माहीतच आहे, आणि ते सगळं पाणी सखल भागातून खाडीकडे जातं. जुलै २०१८ मध्ये वसईत काय झालं होतं ते कोणी विसरलं नसेल. अशा वेळी जमिनीतलं पाणी वर येतं आणि शोषखड्डा पाणी पिणं बंद करतो. टाकीचं पाणी नाल्यात सोडलेलं असेल तर नाला भरला की तोंड पाण्याखाली जातं. दोन्हींत टाकीचं पाणी मागे सरकतं. इथे लाइन साफ करून काहीही होणार नाही. नाल्याची पातळी उतरली की आपोआप सुटलं, तर हेच कारण समजा.

दुसरं एक कारण माणसांनी केलेलं असतं. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप सोयीसाठी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो. एक जोराची सर आली की लाइन भरते. तो पाइप तोडून वेगळ्या गटारीत सोडायला फार खर्च येत नाही.

टाकी: बघा, पण दुरून

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. गाळ तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की वेळ झाली समजायची. उपसण्यासाठी सक्शनची गाडी बोलवायची, चौकशी महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात होते. उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, त्यातले जिवाणूच पुढचं काम करतात.

माणूस आत उतरवायचा नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते, म्हणून ‘वास येत नाही, उतर’ हे वाक्य जीव घेतं. मिथेनही असतो, त्यामुळे झाकण उघडल्यावर जवळ बिडी-काडी नको, मुलं नकोत. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच विरारमध्ये एका खासगी सांडपाणी प्रकल्पात चार कामगार असेच गेले. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटीचा सेक्रेटरीही यातून सुटत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाखांची भरपाई सांगितली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली.

अॅसिडबद्दलही सांगतो. तुंबलं की घरोघरी अॅसिडची बाटली निघते. खचलेल्या पाइपाला त्याने काही होत नाही, आणि आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर दोघांचा मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद संडासात तो फुप्फुसं जाळतो.

काय टाकायचं नाही याची यादी सगळ्यांना पाठ आहे: पॅड, डायपर, ओले वाइप्स, केस. चरबी मात्र आपण विसरतो. बकरी ईदच्या दिवशी चरबी, आतड्यांचे तुकडे आणि रक्त गरम पाण्याने नहाणीत धुतलं जातं. गरम असताना चरबी वाहते, पुढे पाइपात थंड झाली की मेणासारखी चिकटते आणि तिच्यावर बाकी सगळं अडकतं. ईदनंतर पंधरा-वीस दिवसांनी लाइन तुंबते तेव्हा कोणाला संबंध लागत नाही. चरबी वेगळ्या पिशवीत भरून कचरागाडीत द्या. निहारी-पायाची भांडी आणि रमजानमधली तळणाची कढई आधी कागदाने पुसून मग धुवा.

खर्च कोणाचा

सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टाकीची दुरुस्ती सोसायटीने करायची, घराच्या आतली सदस्याने. म्हणजे चौथ्या मजल्यावरचाही हिस्सा देणार, त्याच्याकडे पाणी उलटत असो वा नसो. यासाठीच बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा करायचे असतात. सोसायटी नोंदवलेली नसेल किंवा चाळीत सामायिक संडास असेल, तर एका कागदावर ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पावत्या जपा.

खोदकामाच्या वेळी चेंबर, पाइप आणि टाकी कुठे आहेत याचा नकाशा आम्ही शाळेच्या आलेख कागदावर काढला, अंतरं फुटांत लिहिली, फोटो काढले. तो कागद लॅमिनेट करून मीटर रूममध्ये लावलाय. टँकर आता गेटबाहेर थांबतो आणि लांब पाइपाने पाणी सोडतो.